न्हाणीमागचा कोपरा

राहीबाय म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझ्यानं होईल तेवढं मी केलं." भाकरी थापताना, दळताना, कुणी तिच्या पाली गावाचं नाव काढलं की हे आलंच. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंसुद्धा, "बाय, पुरे करा आता! कोण म्हणतंय तुम्ही केलं नाहीत?" तर हसली, आणि हसून पुन्हा तेच म्हणाली.

तिचा नवरा केरू बोटीवर खलाशी होता. एका फेरीला गेला तो परत आलाच नाही. मूलबाळ नाही. पालीला ओढ्याकाठी घर आणि घरामागे पानवेलींचं आगर, एवढंच तिचं जग. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या वेलींना रोज पाणी घालायची, पानं खुडायची आणि बाजाराच्या दिवशी स्वतः विकायला बसायची. आमचे हे, म्हणजे सखाराम, रत्नागिरीत बंदरावर वखारीत कामाला. ते कितीदा म्हणाले, "वयनी, आमच्याकडे चला." ती म्हणायची, "वेली आहेत तोवर मी माझ्या घरची." खरं सांगते, मला हायसं वाटायचं. आमच्या दोन खोल्यांत आणखी एक माणूस ठेवायचं कुठं?

सव्वीस साली वेलींना मर लागली. बुंध्याशी सुतासारखी पांढरी बुरशी चढायची आणि वर हिरवीगार दिसणारी वेल आठवड्यात मान टाकायची. रांगाच्या रांगा गेल्या. वाचला फक्त न्हाणीमागचा कोपरा, जिथं न्हाणीचं आणि गोठ्याचं पाणी मुरायचं. बुरशी तिथंही यायची, पण थोड्याच दिवसांत पिवळट, बुळबुळीत व्हायची, घाण वास मारायची आणि विरून जायची. वेली तशाच उभ्या.

शिमग्याला आम्ही पालीला गेलो तेव्हा तिनं मला तो कोपरा दाखवला. बोटानं बुरशी उचलली तर शेंबडासारखी ओघळली. शी! "बघ गंगे," ती म्हणाली, "रोगाचं मूळ हे इथं आहे. इथनंच सगळीकडे पसरतंय." मलाही पटलं. जे घाण त्यातनंच रोग, एवढीच आमची अक्कल.

भात पेरायच्या आधी आमच्याकडे राब भाजतात. तोडलेल्या फांद्या, शेणी, पातेरा जमिनीवर पसरून पेटवून द्यायचं, म्हणजे कीड मरते आणि रोप जोमानं येतं. पानवेलीच्या आगरात कुणी राब भाजत नाही. राहीबायनं मात्र ठरवलं, सगळं आगर भाजायचं, कोपऱ्यासकट, आणि नवं बेणं आणून पुन्हा वेली लावायच्या.

ह्यांनी अडवलं. "वयनी, बाकीचं भाजा. पण चांगल्या जित्या वेली कशाला उपटताय?"

"हा कोपरा ठेवला तर नव्या वेलीही जातील, भावोजी. मग मी कुठं जाऊ?" असं म्हणत तिनं पदर खोचला आणि रडत रडत वेली उपटायला लागली. सासूच्या हातच्या होत्या त्या. मीही मदतीला लागले. संध्याकाळपर्यंत सगळं आगर धुमसत होतं.

पावसात नव्या वेली काय तरारल्या! ती दृष्ट काढायची त्यांची. श्रावणात बुरशी आली. या खेपेला ना बुळबुळ ना वास, नुसती कापसासारखी पांढरीशुभ्र. पहिली वेल गेली ती न्हाणीमागचीच. दिवाळीच्या आत आगर दुसऱ्याला कसायला दिलं आणि राहीबाय पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. चुलीजवळच्या कोपऱ्यात तिची पथारी. कधी कुरकुर केली नाही. फक्त ते वाक्य तेवढं बरोबर घेऊन आली.

अडतीस साली माझा धाकटा भाऊ बाबू पुण्याहून सुटीवर आला. शेतकी कॉलेजात शिकत होता. हे आणि तो जेवत होते, आम्ही वाढत होतो. बाबूला बोलायची भारी हौस. म्हणाला, सगळे जंतू काही वाईट नसतात. मातीत असेही जंतू असतात, जे जित्या बुरशीला चिकटतात, तिचे धागे फोडतात आणि तिला खाऊन वाढतात. बुरशी पार विरघळते.

राहीबायच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिनं विचारलं, "विरघळते तेव्हा दिसते कशी?"

"चिकट, बुळबुळीत. वासही मारते."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी बाबूला डोळ्यांनी खुणावत होते, पण मेल्याचं लक्ष कुठलं?

"आणि ती माती भाजली तर?"

"मग जंतूही मेले की! बुरशी पुन्हा आली तर तिला अडवणार कोण?"

"आणि काहीच केलं नसतं तर?"

"तर उत्तमच, बाय. तिथली माती उचलून बाकीच्या झाडांना घातली असती, तर कदाचित तीही वाचली असती."

"भात घे," राहीबाय म्हणाली आणि तिनं त्याला भात वाढला.

मागल्या दारी नेऊन मी बाबूला झाड झाड झाडलं. "मी काय खोटं सांगितलं?" तो म्हणाला. खोटं नव्हतं, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याला बिचाऱ्याला पालीचं काही ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर ते वाक्य मी ऐकलं नाही. पालीचं कुणी आलं, आगराचा विषय निघाला, की मी कान टवकारून बसायची, आता म्हणेल, मग म्हणेल. ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहायची. शेवटी मलाच राहवेना. एका दुपारी सूप घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाय, तुमच्यानं होईल तेवढं तुम्ही केलंत हो."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. म्हणाली, "तेच नको होतं ना गो करायला."