पांढऱ्या कॅनवर न काढलेली फुली

सोनारीहून भैरोबाचं दर्शन घेऊन आम्ही परत येत होतो. एसटीत ह्यांचा फोन वाजला. थोरले दीर, दादा, बोलत होते. "कमलला दवाखान्यात नेलंय. लवकर या." एवढंच. कमल म्हणजे आमची अक्का. आम्ही पोचलो तेव्हा ती गेली होती... आज सव्वा महिना झाला.

अक्का माझी थोरली जाऊ, आमच्या बचत गटाची अध्यक्ष. तिच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही आठ बाया फिनेल, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि कपड्यांसाठी ब्लीचिंगचं पाणी तयार करायचो आणि तेरच्या बाजारात विकायचो. अक्का शाळेची पायरी चढली नव्हती. मी चौथी शिकलेली, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. अक्का म्हणायची, "लिहितीस एवढं, बोलत का न्हाईस गं? तुझं बोलणं रेशनवर मिळतंय व्हय?" सगळ्या हसायच्या. मीही पदर तोंडाशी धरून हसायची.

प्रशिक्षणाला आलेल्या मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी वायू होतो. अक्कानं ती मनावर घेतली. पांढऱ्या कॅनमध्ये ब्लीचिंगचं पाणी, निळ्यात अ‍ॅसिड. तिला अक्षरं कळत नव्हती, म्हणून अ‍ॅसिडवर मी लाल रंगानं मोठी फुली काढायची. फुली दिसली की अक्का हात मागं घ्यायची. तेवढा तिचा माझ्या हातावर विश्वास होता.

तेराव्यानंतर तालुक्याहून साहेब आले. म्हणाले, घरात अशी रसायनं बनवायला परवाना हवा का, यावर वर चर्चा चालू आहे, तोवर काम बंद ठेवा. गटातली सुमन उसळली. "परवाना आला की धंदा कारखान्यांचा. आमच्या बादल्या पालथ्या. कारखान्यात कुणी मरत न्हाय व्हय?"

"मग बाया गेल्या तरी चालतंय का तुला?" शेजारची गंगूबाई म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "ज्या पांढऱ्या कॅनमधून वायू निघाला, त्यात आधी काय होतं?" कुणाला ठाऊक नव्हतं. "सवयीची बाई होती, तरी चुकली," असं त्यांनी लिहून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी निळा कॅन गळायला लागला. अ‍ॅसिड वाया जाऊ नये म्हणून मी ते रिकाम्या पांढऱ्या कॅनमध्ये ओतलं. फुली काढायला गेले तर रंग वाळलेला. सोनारीला जायची तयारी बाकी होती. म्हटलं, आल्यावर काढू. अक्काला सांगायचं होतं, पण ती चारचौघींत बसली होती, आणि माझी जीभ नेहमीसारखी अडकली. सकाळी वारं सुटलं. ब्लीचिंगची पावडर उडू नये म्हणून अक्कानं दार लावून घेतलं, आणि पाणी भरून ठेवलंय असं समजून नेहमीच्या पांढऱ्या कॅनमध्ये पावडर टाकली...

पोलीस येतील, गट मोडेल, ह्यांची मान खाली जाईल. सगळ्याची भीती वाटते. पण सगळ्यांत जास्त भीती दादांची वाटते. ते रोज दिवेलागणीला त्या खोलीत जातात आणि खिळ्यावरचा अक्काचा फडका हातात घेतात. काम करताना ती तो नाकाला बांधायची. अजून त्याला तिच्या तेलाचा वास आहे. तो हातात धरून ते स्वतःशीच बोलतात, "इतकी वर्षं केलंस, कमल, आणि चुकलीस कशी?"

सव्वा महिना ती चूक अक्काच्या नावावर आहे.

आमच्यात धाकटी सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. लग्न झाल्यापासून मी दादांशी एक शब्द बोलले नव्हते, निरोप असला तर ह्यांच्या तोंडून. आज दिवेलागणीला मी पदर नीट केला आणि त्यांच्या मागोमाग खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. फडका हातात घेऊन त्यांनी तेच विचारलं.

"अक्का चुकल्या न्हाईत, दादा," मी म्हणाले.

ते दचकून वळले. माझा आवाज त्यांनी याआधी कधी ऐकला नव्हता.

"तो कॅन म्या भरला होता."