बिननावाची नायिका

बॉनमधल्या आमच्या मराठी वाचनगटात आमच्यातल्याच रोहनच्या आई येतात. एकोणिसाव्या शतकातल्या कथांमधली लग्नं, त्यांतल्या बायकांचं स्वातंत्र्य यांवर आम्ही तावातावाने भांडतो. त्या दोन्ही बाजूंना "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणत मान डोलावतात. त्यांना येणारं जर्मन एवढंच.

परवा वाचायची पाळी त्यांची होती. कथेतल्या नायिकेला नावच नव्हतं. लेखक शेवटपर्यंत तिला 'त्याची बायको' म्हणतो. रोहनच्या आई मात्र दर वेळी 'कुमुद' असंच वाचत होत्या.

"अहो, कुमुद कुठे लिहिलंय?" मी न राहवून विचारलं.

"माझं माहेरचं नाव. लग्नात तांदळात दुसरं लिहिलं, तेव्हापासून नुसतं पडून होतं. तिला दिलं."

त्या पुढे वाचू लागल्या. त्यांचं ते दुसरं नावही आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.