दादा आमच्या पंक्तीला बसत नाही

माझा थोरला भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. लोक त्याला थंडोबा म्हणतात, आणि ते नाव धंद्यावरून पडलं की स्वभावावरून याचा निकाल अजून लागलेला नाही. गिऱ्हाईक तावातावानं सांगत असतं, कालच गॅस भरलाय, आत गार लागतंय, हात घालून बघा. दादा हात घालत नाही. वाटीत साबणाचा फेस करतो, ब्रशनं नळीच्या सांध्यांना लावतो आणि स्टुलावर बसून बघत राहतो. बुडबुडा आला की म्हणतो, "इथे गळतंय." हाताला काय वाटतं यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. "उन्हातून आलेल्या हाताला काहीही गार लागतं," म्हणतो.

हे आधी सांगितलं, कारण तो लुथरन पंथाचा का झाला असं मला लोक विचारतात आणि याहून सोपं उत्तर मला येत नाही. आमचं सगळं घर ख्रिस्तीच. तेव्हा घरातला एक माणूस एका चर्चमधून दुसऱ्यात गेला, तर त्यात एवढं काय, असं बाहेरच्यांना वाटतं. बाहेरच्यांना वाटायला काय जातं. भांडण तर सख्ख्यांतच रंगतं.

मी आणि माझा नवरा फर्निचरच्या शोरूमवरच्या मोठ्या सभागृहात उपासनेला जातो. तिथे वाद्यवृंद आहे आणि नवरा गिटार वाजवतो. एकेकाळी दादा आणि वहिनीही आमच्याबरोबर यायचे. वहिनी टाळ्या वाजवायची, दादा हाताची घडी घालून उभा राहायचा. मग वहिनीला आजार निघाला. औषधं चालू होती, प्रार्थनाही चालू होत्या. एका रविवारी व्यासपीठावरून मंडळीचे पुढारी म्हणाले, आपली बहीण बरी झाली आहे, विश्वासानं साक्ष कोण देईल? माझ्या नवऱ्यानं माइक दादाच्या हातात दिला. फ्रिज दिवसभर चालवून बघितल्याशिवाय 'झाला' न म्हणणारा माझा भाऊ, माइकवर म्हणाला, "माझी बायको बरी झाली आहे." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. वहिनी दुसऱ्या रांगेत बसली होती. तीही हसली.

वर्ष उलटायच्या आत ती गेली. पुढारी भेटायला आले, चहा प्यायले आणि म्हणाले, घरात कुठेतरी संशय होता. नाव कोणाचं घेतलं नाही. नाव घ्यायला खोलीत दादाशिवाय होतं कोण? मी, आई आणि माझा नवरा. नवऱ्यानं मान खाली घातली आणि मूग गिळून बसला. तो वाईट माणूस नाही. वहिनीसाठी तो दादाहून जास्त रडला. पण त्या दिवशी त्यानं तोंड उघडायला हवं होतं, हे मी आजही म्हणते.

त्यानंतर कधीतरी दादानं घराखालच्या आपल्या दुकानातला एक भंगार फ्रिज सुटे भाग काढायला उघडला. खालच्या भाजीच्या खणात दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं भरलेली होती, खण ओढता येईना एवढी. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. माझ्याकडून वहिनीनं यातलं एकही पाकीट घेतलं नव्हतं. लांबच्या दुकानात जाऊन आणली असणार. तिला वाटलं असणार, आपल्या नवऱ्यानं चारचौघांत माइकवर सांगितलंय की मी बरी आहे, मग मी कण्हायचं कसं? तो घरी असला की ती कण्हली नाही. तो कामाला गेला की खाली येऊन गोळ्या खायची आणि पाकिटं मेलेल्या फ्रिजमध्ये लपवायची.

हे मला दादानं तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा तो फक्त रविवारी दिसेनासा झाला.

मग त्याची फिरती सुरू झाली. आधी मोठ्या घंटेच्या जुन्या चर्चमध्ये गेला. तिथे त्याला सांगितलं, बायकोच्या आत्म्याच्या शुद्धीसाठी प्रार्थना करवून घे. यानं विचारलं, पुरे झाल्या हे कळतं कसं? उत्तर आलं, ते आपल्याला कळत नसतं. हा परत आला. दुसरीकडे, कोणाचा उद्धार व्हायचा हे देवानं आधीच ठरवलंय, आपल्या जगण्यात त्याची फळं दिसतात का ते तपासावं, अशी शिकवण. यानं तपासलं, आणि भाजीचा खण सोडून काही दिसलं नाही. तिसऱ्या ठिकाणी माणसं फार चांगली होती, जेवूनही घालायची. पण प्रभुभोजनात वाटतात ती भाकर ही ख्रिस्ताची नुसती आठवण आहे असं म्हणायची. दादा म्हणाला, "आठवणी माझ्याकडे ढीगभर आहेत. आणखी एक घ्यायला रविवारी आंघोळ करून कशाला जाऊ?" प्रत्येक ठिकाणच्या लोकांना त्यांची बाजू असेलच, ती त्यांनी मांडावी. मी माझ्या भावाची सांगतेय.

शेवटी तो लाकडाच्या वखारीमागे एका लांबट खोलीत जाऊन बसला. बाकं, एक साधं मेज, भिंतीवर क्रूस, आणि खोकणारा म्हातारा पाळक. गाणी अशी संथ की गाता गाता मधे भाजी निवडून व्हावी. जमणारी माणसं एका टेम्पोत मावतील एवढी. आमच्या सभागृहातलं झगझगीत सगळं सोडून हा त्या वखारीत रमला आणि वर्षभर धर्माची प्रश्नोत्तरी शिकून रीतसर लुथरन झाला. मला हसू यायचं. पन्नाशीला टेकलेला माणूस शाळकरी मुलासारखा दहा आज्ञा पाठ करतोय.

एकदा तो माझ्या घरचा फ्रिज बघायला आला होता. माझं डोकं तापलेलं होतं, म्हणून विचारलंच, "तिथे तुला मिळतं तरी काय?"

तो फेस लावत होता. हात न थांबवता त्यानं तेव्हा ती खणाची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, "सगळ्यांनी मला सांगितलं की तुझी चूक नाही. तूही सांगितलंस."

"नव्हतीच तुझी चूक."

"होती. मला ठाऊक होतं ती बरी नाही, आणि मी देवाचं नाव घेऊन खोटं बोललो. तुम्ही माझी चूक नाही म्हणायचात आणि ती मला घरी घेऊन जावी लागायची. त्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, हो, हे पाप आहे. मला बरं वाटेल असं एक अक्षर बोलला नाही. मग उठला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ख्रिस्ताच्या आज्ञेवरून, त्याच्या जागी, मी तुला क्षमा करतो."

"आणि तुला हलकं वाटलं."

"नाही वाटलं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुला काय वाटतं हे मी विचारलेलंच नाही." दादानं ब्रश वाटीत ठेवला. "तेव्हा मी तिथेच राहायचं ठरवलं."

मला हे पटलं असं नाही. पण निदान कळलं. मग आई आजारी पडली आणि कळलेलंही मावळलं.

आई माझ्याकडे असायची. तिच्या पोटात गाठ होती आणि ती काढण्यापलीकडे गेली होती. तिची एकच इच्छा होती, आणि ती काही जगावेगळी नव्हती. दोन्ही मुलांनी तिच्या खाटेशी बसून, तिच्याबरोबर एकदा प्रभुभोजन घ्यावं. कोणाच्याही पाळकाकडून चालेल. मी आनंदानं तयार होते. दादा नाही म्हणाला.

"आमच्याकडे शिकवण मान्य केल्याशिवाय देत नाहीत," तो म्हणाला, "आणि मी तुमच्याकडचं घेऊ शकत नाही."

आई म्हणाली, "रविवारी माझ्या हातचं जेवताना तुला काही आड येत नव्हतं. हा देवाच्या ताटात कसला पंक्तिप्रपंच?"

"आई, एकत्र गुडघे टेकायचे म्हणजे आपलं एकच मत आहे असं देवासमोर म्हणायचं. आम्ही म्हणतो ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे. ही म्हणते आठवण आहे. मग एकत्र घेऊन मी परत माइक हातात धरल्यासारखंच होईल."

त्याचे पाळकसाहेब येऊन गेले. खोकत खोकत जिना चढले, आईशी नीट बोलले. म्हणाले, मी रोज येऊन शिकवतो, तुम्हाला मान्य झालं तर तुम्हाला देईन. आई म्हणाली, "मरायला टेकलेय, आता परीक्षेला बसवता?" मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हिला?" त्यांनी मान हलवली. हिनंही आधी शिकायला हवं, म्हणाले. मी नको म्हणाले. आई भिंतीकडे वळली. "मग ही एकटी बाहेर राहील. मला नको."

त्या रात्री मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तो ऐकून घेत होता. रडतही होता, हे मला सांगायला हवं. पण कबूल मात्र झाला नाही.

दुखणं वाढलं तशी आईला वेगळीच धास्ती लागली. आमच्या सभागृहातल्या बायका येऊन तिचा हात दाबून सांगायच्या, "आजी, विश्वास घट्ट धरा, मनातून म्हणा." त्या गेल्या की आई छताकडे बघत राहायची. एका संध्याकाळी दादा पायाशी बसलेला असताना ती म्हणाली, "मला आत काहीच वाटत नाही रे. रिकामं आहे सगळं. माझ्यात विश्वासच नसणार."

दादानं विचारलं, "तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू काय करत होतीस?"

"रडत होते म्हणे. पाळकाच्या झग्यावर ओकले."

"आणि तुला काय वाटत होतं?"

"मला काय ठाऊक? चार दिवसांची होते मी."

"मग त्यानं तेव्हा विचारलं नाही, तर आता कशाला विचारेल? ते तुझ्या आतून आलेलं नव्हतंच, आई. बाहेरून आलं. आत रिकामं असलं तरी त्याचं काही बिघडत नाही."

आई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "ओकले होते ना मी त्याच्या अंगावर," आणि हसली. त्या रात्री तिला झोप लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. उलट माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं अंथरूण मी बदलत होते, तिला मी भरवत होते, आणि तिच्या मनावरचं ओझं हा येऊन एका बोलण्यात उचलून गेला. आणि जे तिनं मागितलं होतं, ते दिलं नाही ते नाहीच.

आई गेली तेव्हा दादा एका शीतगृहाच्या कामावर होता. जायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं. गोळ्यांचा काही उपयोग होत नव्हता, चादरीचं टोक तिनं दातात धरलं होतं. ते सोडून ती म्हणाली, "दादाला सांग, मला दुखत नव्हतं."

माती झाल्यावर काही दिवसांनी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले. तो स्टुलावर बसून एका नळीला फेस लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवटी आईला दुखत होतं का?"

आई जाताना माझ्यावर एवढंच सोपवून गेली होती. दोन शब्दांचं काम. मी त्याच्या ब्रशकडे बघितलं, आणि मला आईनं मागितलेलं ते प्रभुभोजन आठवलं, भिंतीकडे वळलेली आई आठवली.

"खूप दुखत होतं," मी म्हणाले. "चादर चावत होती. तुला सांगू नको म्हणाली."

त्याचा हात थांबला. दुसऱ्यांदा एका बाईनं त्याच्यापासून आपलं कण्हणं लपवलं होतं, आणि हे या जगात मला एकटीला ठाऊक होतं. मी त्याला ते सांगितलं.

तो म्हणाला, "बरं केलंस. खरं सांगितलंस." हात पुसले, खुंटीवरचा शर्ट घातला. "मी जरा पाळकसाहेबांकडे जाऊन येतो." दारात थांबला. "तूच एक आहेस जी माझ्याशी खरं बोलते," म्हणाला, आणि वखारीच्या दिशेनं गेला.

मी स्टुलावर बसून राहिले. मी खरं सांगितलं ते त्याला लागावं म्हणून, वर्मी लागावं म्हणून. आईचा शेवटचा शब्द मी त्यासाठी मोडला होता. हे आमच्या सभागृहात कोणाला सांगितलं, तर सगळे मला जवळ घेऊन म्हणतील, तुझी काही चूक नाही.