खंडेनवमीचं कुंकू आणि अणूएवढा पापुद्रा

नागपूरच्या आमच्या कॉलेजात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा मीच करतो. प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस म्हणून तो माझा मान, आणि मान मी आवाज चढवून, घंटा वाजवून घेतो.

त्या वर्षी एका मुलीने सूक्ष्मदर्शकावर चिठ्ठी डकवली होती : ‘हात लावू नये.’ ती उमरेडच्या विणकराच्या घरची. आठ महिने चिकटपट्टीने स्फटिक सोलत होती. शेवटी एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा हाती लागला. तो एका खाचेवर ताणून, त्याला बारीक भोकांचं जाळं पाडून तिने याच भिंगाखाली बसवला होता. त्या जाळ्यात उजेड अडकतो, रेंगाळतो म्हणे. किती रेंगाळतो ते दसऱ्यानंतर मोजलं की तिचा प्रबंध पुरा. नाही मोजलं, तर मुदत संपली.

“काका, या यंत्राले हळद-कुंकू नका लावू बरं.”

“काहून वं? तुया उजेडाले देव चालत नाही का?”

पोरं खिदळली. ती हसली नाही, म्हणून मला आणखी चेव आला.

ती जेवायला गेली तेव्हा मी चिठ्ठी उचलली, आरती ओवाळली आणि ऐटीत चिमूटभर कुंकू उधळलं. थोडं भिंगाखाली पडलं. मी वाकलो आणि फूऽऽ केलं, ताटावरची माशी उडवावी तसं. चिठ्ठी परत जागेवर. वा! पकडायला कोणी नाही.

दसऱ्यानंतर तिने दिवसभर लेझर सोडून पाहिला. मी चहा घेऊन गेलो.

“काय वं, थांबला का उजेड? का अजून धावूनच राहिला?”

ती उठली. “या काका, तुम्हीच पाहा.”

मी डोळा लावला. लालभडक डोंगर होता एक, बोरीच्या काट्यांसारखा टोकदार. शेजारी त्या पापुद्र्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

“फुंकर मारली ना?”

“मी? मी कायले मारू?” मी कानाच्या पाळ्या धरल्या. नाटकात मी कधी कमी पडलो नाही. “पण लाल रंग मस्त दिसून राहिला वं, काही म्हण!”

तिने यंत्रावरची चिठ्ठी सोलून काढली, सवयीने, कोपरा न फाटू देता, आणि माझ्या शर्टाच्या खिशावर डकवली. मग पर्स उचलून उमरेडच्या बसला गेली. परत आली ती फक्त कपाट रिकामं करायला.

चिठ्ठी मी संध्याकाळपर्यंत मिरवली. सगळे हसले. दरवर्षी पूजेला नव्या पोरांना हा किस्सा सांगतो, फूऽऽ सकट. अजून हसतात.