वाढत्या अंगाची दुर्बीण

इथे परदेशात ऑफिसच्या मॅनेजरने मला हरणांच्या शिकारीला सोबत बोलावलं आणि मला काही नाही म्हणवेना. बंदूक धरणार नाही, नुसती हरणं शोधून देईन, एवढं मात्र कबूल करून घेतलं. पण मी दाखवलेलं हरीण मरणारच, हे काही मनातून जात नव्हतं.

चँडलर गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी सगळ्यात मोठी दुर्बीण उचलली. आमच्याकडे शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा घेत. घ्यायचं तर मोठंच. शेजारी, इथले शिकारी घालतात तशा केशरी टोपीतली एक म्हातारी गिऱ्हाईक होती. प्रत्येक दुर्बीण गळ्यात अडकवून, खाली वाकून, बुटाची नाडी बांधता येते का ते ती बघत होती. माझ्याकडे पाहून हसली.

"त्यातून बाहेरची पाटी वाच बघू."

पाटीवरची अक्षरं नाचत होती.

"बारा पट मोठं दिसतं, तसं हाताचं थरथरणंही बारा पट दिसतं. आठची घे. दिवसभर गळ्यात जड होणार नाही." तिने माझी कोपरं माझ्याच बरगड्यांना टेकवली. अक्षरं थांबली.

"तुम्हीही शिकार करता?" मी विचारलं.

"मी हरणं दाखवते. आधी नवऱ्याला, आता मुलांना." मग डोळा मिचकावून म्हणाली, "दिसलेलं प्रत्येक हरीण सांगायचं नसतं."

शनिवारी पहाटे समोरच्या टेकडीवर एक हरीण कान टवकारून उभं होतं.

"काही दिसतंय?" मॅनेजर कुजबुजला.

मी कोपरं बरगड्यांना टेकवली. "अजून नाही."

दुर्बीण जराही हलली नाही.