धवल्यात घातलेलं नाव

कळव्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात, गोदूबाईच्या धवल्यांशिवाय लग्न लागत नसे. भटजी यायचा, अंतरपाट धरायचा. पण हळदीपासून पाठवणीपर्यंत विधी पुढे सरकायचे ते या धवलारणीच्या गाण्यावर. मुंब्र्यापासून कोपरपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर तिला बोलावणं असे. अक्षराशी तिची ओळख नव्हती. पण कुणाचं कुळ कोणतं, कुणाची आई कुठल्या गावची, कुणाचा मामा कोण, हे सगळं तिच्या जिभेवर नांदत होतं, कारण धवल्यात नावं लागतात. आधी नवऱ्याचा बाप, मग गाव, मग आई आणि शेवटी मामा. मामाचं नाव आलं की बायका हातातले तांदूळ टाकणार आणि गाणं पुढच्या कडव्याला लागणार.

"नाव नसंल तं देवाला कसा कलंल गो, कोनाचा लगीन हाय?" असं ती म्हणायची.

शेजारच्या मोरूची नंदा लहानपणापासून तिच्या मागे बसून धवल्यांची ओळ उचलायची. पोरीचा गळा खाडीच्या वाऱ्यासारखा होता, थोडा खारट आणि लांब जाणारा. आपल्या मागे हीच गाईल, असं गोदूबाईनं मनात धरलेलं. पण नंदाचं ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा भरतीत बुडाला, आणि वाड्यानं नंदाला पांढऱ्या पायाची म्हणून बाजूला टाकलं. तीन वर्षं तिला कुणी विचारलं नाही.

शहाऐंशी सालच्या वैशाखात हरिहरनं स्थळ आणलं. हा हरिहर कारखान्यात कामाला होता, वाड्यालगतच्या चाळीत भाड्यानं राहायचा आणि सगळ्यांच्या अडीनडीला धावायचा. म्हणाला, "मुलगा उत्तरेकडचा आहे, घरची शेती आहे. हुंडा नको, उलट देज देतील." देज म्हणजे मुलीच्या बापाला नवऱ्याकडून यायचा मान, खाडीकाठची ती जुनी रीतच. त्यामुळे कुणाला वास आला नाही. म्हातारे तर खूश होऊन म्हणाले, "रीत जाननारी मानसा हायत."

लग्नाला चार पुरुष आले.

"वऱ्हाडात एक बी बाई नाय?" गोदूबाईनं विचारलं.

"मावशी, दोन दिवसांचा प्रवास. बायका तिकडे आरती घेऊन उभ्या आहेत," हरिहर हसून म्हणाला.

मग तिनं रीतीप्रमाणे नावं विचारली. बापाचं आलं. गाव रामपूर. आईच्या नावाला नवऱ्यानं हरिहरकडे बघितलं. हरिहर म्हणाला, "गंगा."

"आनी मामाचा?"

नवरा जमिनीकडे बघत राहिला. "मामा लहानपणीच वारला," हरिहर म्हणाला.

"मामा वारला म्हनून त्याचा नाव बी वारला?"

बायका खळखळून हसल्या. नाव मात्र आलं नाही. भटजी घड्याळ बघत म्हणाला, "आटपा बाई, मुहूर्त टळतोय." बायकांच्या मुठीत तांदूळ ओले व्हायला लागले होते. तीस वर्षांत गोदूबाईचं गाणं कधी मध्येच थांबलं नव्हतं, आणि तो तिचा गर्व होता. त्या रिकाम्या जागी तिनं स्वतःच्या मेलेल्या भावाचं नाव घातलं:

*रामपूर गावाचा नवरा गो,*
*गंगाबायच्या कुशीचा,*
*मामा त्याचा धोंडिबा गो,*
*तांदूल टाका खुशीचा.*

तांदूळ पडले. मुंडावळ्यांच्या आडून नंदानं एकदाच डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. धोंडिबामामाच्या खांद्यावर बसून नंदा जत्रेला गेलेली होती. नाव कुणाचं, ते तिला ठाऊक होतं.

पहिल्या नारळी पौर्णिमेला लेक माहेरी येते. नंदा आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. हरिहरच्या खोलीला आधी कुलूप दिसलं, मग त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड दिसलं.

गोदूबाईनं मोरूला हाताला धरून चौकीत नेलं.

"लग्न तुम्हीच लावून दिलंत ना? मग हरवली कशी म्हणता?" हवालदार म्हणाला. "बरं, नवऱ्याचा पत्ता सांगा."

पत्ता कसा सांगतात ते तिला माहीत नव्हतं. तिनं धवला गायला. बाहेरचे दोन शिपाई दारात येऊन उभे राहिले. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं रामपूर लिहिलं आणि थांबला.

"मावशी, तिकडे पावलागणिक रामपूर आहे. जिल्हा कोणता?"

गाण्यात जिल्हा नव्हता.

"आणि हा मामा धोंडिबा? नाव तर आपल्याकडचं वाटतंय."

"त्यो माझा भाव."

"नवऱ्याचा मामा तुमचा भाऊ?"

गोदूबाईनं मान खाली घालून सगळं सांगितलं. हवालदारानं पेनाला टोपण लावलं.

परतताना मोरू म्हणाला, "आता पुरे, गोदूबाय. अजून दोघींची लग्ना व्हायचीत. दिली ती दिली." घरी जाऊन तो जाळं विणत बसला. फाटलं नव्हतं तिथंही विणत होता.

गोदूबाई नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. तिथल्या एक गिऱ्हाईक बाई, सरस्वतीबाई, निवृत्त शिक्षिका होत्या. दवाखान्याच्या माडीवर चार बायका जमवून त्या अडलेल्या बायाबापड्यांची कामं करायच्या. गोदूबाई पाटी पायरीवर ठेवून वर गेली. पोलिसांनी विचारलं ते सगळं नवऱ्याचं होतं. बाईंनी नंदाचं विचारलं. उंची किती, अंगावर खूण कोणती, घाबरली की काय करते, एकटी असली की काय गुणगुणते. सगळं लिहून घेऊन त्या म्हणाल्या, "गोदूबाई, अशी लग्नं लावून मुली नेतात आणि पुढे विकतात. कधी एकाच घरातल्या भावाभावांत, कधी या घरातून त्या घरात."

"म्हंजे आपन मासलीचा वाटा लावतो, तशी?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिल्या.

त्यांनी पत्रं लिहिली. जिथे जिथे रामपूर सापडलं तिथल्या पोलिसांना, तिथल्या महिला आश्रमांना. आठवड्यातून एकदा गोदूबाई खालूनच हाक मारायची, "आला का काय?" वरून उत्तर यायचं, "नाही हो." असं चार पावसाळे चाललं. काही वेळा तर ती हाक न मारताच वर बघायची, आणि बाई न बोलताच मान हलवायच्या.

नव्वद सालच्या पौषात बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. उत्तरेकडच्या एका आश्रमाचं पत्र होतं. स्टेशनवर तापानं फणफणलेली एक बाई सापडली होती. नाव सांगत नव्हती, फक्त एक गाणं म्हणायची. तिथल्या कुणा मराठी रेल्वेवाल्यानं ते उतरवून दिलं होतं. बाई वाचायला लागल्या, "रामपूर गावाचा नवरा गो..." 'धोंडिबा' आलं आणि गोदूबाई पायरीवर बसली. रामपूरच्या नवऱ्याला ते नाव एकाच मांडवात लागलं होतं.

मोरू आला नाही, पण त्यानं बापाच्या अर्जावर अंगठा दिला. देताना अंगठा इतका दाबला की शाई पसरली. बाई आणि गोदूबाई दोन दिवसांचा प्रवास करून पोचल्या.

आश्रमाच्या अधीक्षिकेनं रजिस्टर उघडलं. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"नऊ दिवस झाले. तिचा नवरा येऊन घेऊन गेला. सोबत आणखी दोघं होते."

"ओळख पटवल्याशिवाय सोडलंत?" बाईंचा आवाज चढला.

"पटवली ना. ती सारखी धोंडिबाचं नाव घ्यायची. आम्ही विचारलं, यात धोंडिबा कोण? एक जण पुढे येऊन म्हणाला, मी, नवऱ्याचा मामा. नाव जुळलं. ही बघा त्याची सही."

"आनी पोर? पोर काय म्हंत व्हती?"

बाईंनी ते हिंदीत विचारलं. अधीक्षिकेनं रजिस्टर मिटलं.

"रडत होती. इथून जाताना सगळ्याच रडतात."

मराठीत लिहिलेला तो गाण्याचा कागद त्यांनी गोदूबाईला दिला. तिला वाचता येत नव्हतं. घडी घालून तिनं तो चंचीत ठेवला, पानसुपारीशेजारी. त्या गावात त्या तीन दिवस फिरल्या. अर्ज दिला, चौकीत बसल्या, रिक्षावाल्यांना विचारलं. नवऱ्यानं दिलेल्या पत्त्यावर लाकडाची वखार निघाली. चौथ्या दिवशी त्या परतल्या.

त्यानंतर गोदूबाई मामाच्या नावाला थांबायला लागली. नाव आलं नाही तर ती जागा रिकामी ठेवायची आणि नाव येईपर्यंत बसून राहायची. लोक कुरकुरायचे, "म्हातारीचा गला गेला." बोलावणी कमी झाली.

चौऱ्याण्णव साली कोपरच्या बाजूला नामा कोळ्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरा लांबचा, वऱ्हाडात बाई नाही. मामाच्या नावाशी गाणं थांबलं.

"म्हना पुढं, मावशी."

"मामाचा नाव सांगा, मंग म्हंतू."

नामा हात जोडून पुढे आला. "गोदूबाय, माज्या पोरीचा नशीब मोडू नको. तुज्या एका नावापायी लगीन थांबवू काय?"

तिनं त्याला नंदाचं सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला आता काय बी दिसता." मग कुणीतरी कॅसेट लावली. भोंग्यातून दुसऱ्याच बाईचे धवले सुरू झाले, ढोलकी आणि बाजासकट. त्यात नावांच्या जागी नुसतं 'राया' आणि 'राणी' होतं. तांदूळ पडले.

मुंडावळ्या नीट करायच्या निमित्तानं गोदूबाई नवरीजवळ गेली. सरस्वतीबाईंकडून पत्ता पाठ करून तिनं एक कडवं बांधलं होतं. तोंड पोरीच्या कानाशी नेऊन ती म्हणाली:

*ठाण्यामंदी नौपाडा गो,*
*दवाखान्याची माडी,*
*माडीवरती सरस्वतीबाय,*
*तिला चिट्ठी धाडी.*

भोंगा शेजारीच होता. तिनं पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणत असताना तिचा आवाज फाटला. पोरीनं खाली बघत मान डोलावली.

त्या दिवशी नवरी सगळ्यांनाच मान डोलावते.