सात नंबरची पिशवी

डॉक्टरांच्या राउंडची वेळ झाली की वॉर्डातून दोन गोष्टी बाहेर निघत: कचऱ्याच्या बादल्या आणि कांताबाई. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण नागपूरच्या त्या खासगी दवाखान्यात एकोणीस वर्षं ती मुकाट्याने दाराबाहेर उभी राहत आली होती. सकाळी वाडीहून यायची, पेशंटचं अंग पुसायची, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायची. कोण जेवलं नाही, कोण रात्रभर कण्हलं, तिला सगळं ठाऊक असे. विचारायची मात्र कोणाला गरज पडली नाही.

सात नंबरवर कुही गावची रुख्मिणी होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. मंगळवारी कांताबाईने तिची पिशवी उचलली, तर ओतायला काहीच नव्हतं. तिने मोनाली सिस्टरला गाठलं.

"सिस्टर, सात नंबरची पिशवी कालपासून रिकामीच हाय."

"सांगतो मी डॉक्टर सरले. तुमी बाहेर व्हा, राउंड येऊन राहिला."

मोनाली काही वाईट पोरगी नव्हती. एकटीच्या अंगावर बावीस पेशंट. तेवढ्यात तीन नंबरला उलट्या सुरू झाल्या आणि ती तिकडे धावली. सात नंबरच्या कागदावर कोणीतरी लघवीचा जुनाच आकडा उतरवून ठेवला होता. डॉक्टर गौरांग सरांनी तो वाचला, मान हलवली आणि पुढे गेले. काचेच्या दारातून कांताबाईला सगळं दिसत होतं. दार ढकलायचं तेवढं राहून गेलं.

मूत्रपिंडं बंद पडल्याचं कळेपर्यंत फार उशीर झाला. गुरुवारी रुख्मिणी गेली.

सामान बांधताना तिचा नवरा शालिकराम कांताबाईसमोर आला, हात जोडून म्हणाला, "बाई, तुमीच तेवढं लक्ष ठेवलं तिच्यावर."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कांताबाईला वाटलं.

शुक्रवारी बादल्या बाहेर गेल्या. कांताबाई गेली नाही. सात नंबरच्या रिकाम्या पलंगाशी उभी राहिली.

"त्या बाईची पिशवी दोन दिवस रिकामी होती, साहेब."

मोनालीचे डोळे भरून आले. कांताबाईने तिचं नाव घेतलं नाही.

"मग मला का नाही सांगितलं, मावशी?" सरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"तुमी आले का मले बाहेर जा लागते नं," ती म्हणाली, आणि सवयीने दाराकडे वळली.